विश्लेषण : मायक्रोवेव्हमधला भात अर्धा गरम, अर्धा गार का?

फ्रीजमधला भात मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटे ठेवला, तरी एक घास चटका देतो आणि दुसरा गारच लागतो. असे का होते?

धावती लहर म्हणजे काय?
मोबाइल टॉवरकडून फोनकडे येणारी लहर पुढे धावते. तिच्यातील विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे एकाच वेळी वाढतात, एकाच वेळी शून्यावर येतात आणि ऊर्जा पुढे नेतात.

ओव्हनमध्ये काय बदलते?
धातूच्या भिंतींवर आदळून लहर मागे फिरते. जाणारी आणि परतणारी लहर मिसळून ‘स्थिर लहर’ तयार होते. तिच्यात विद्युत क्षेत्र जिथे कमाल, तिथे चुंबकीय क्षेत्र शून्य असते. वेळाही जुळत नाहीत. एक भरात असताना दुसरे शून्यावर असते. दोघांमध्ये ऊर्जेच्या येरझाऱ्या सुरू राहतात.

मग भात गार का राहतो?
अन्नातील पाणी तापवते ते मुख्यतः विद्युत क्षेत्र. घरगुती ओव्हनमधील लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, तर हवेतील तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. म्हणजे साधारण दर ६ सेंटिमीटरवर विद्युत क्षेत्र नाहीसे होते. तिथला घास गार राहतो.

उपाय काय?
फिरती थाळी त्यासाठीच असते. पण तिचा मध्यबिंदू जागचा हलत नाही. भांडे थोडे कडेला ठेवा, मध्येच एकदा ढवळा, नंतर मिनिटभर झाकून ठेवा. बाळाचा खाऊ तर नीट ढवळून, तपासूनच भरवा. गरम भागाने तोंड भाजते, गार भागात जंतू टिकून राहू शकतात.