यंत्राचे उत्तर आणि विद्यार्थ्याची जबाबदारी

लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील चैत्यगृह कोणी दान दिले, असा प्रश्न नववीतील विद्यार्थ्याने चॅटजीपीटीला किंवा जेमिनायला विचारला, तर काही क्षणांत सुबक मराठीत उत्तर मिळते. त्यात एखाद्या राजाचे नाव असू शकते, सनही असू शकतो. मात्र ते खरे असेलच असे नाही. खरे उत्तर त्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, एवढेच तो लेख सांगतो. ‘हेरणिक’ हे व्यक्तीचे नाव आहे की सुवर्णकारासारख्या व्यवसायाचे, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. लेखात राजाचे नाव नाही आणि सनही नाही. पुराव्यात जेवढे आहे तेवढेच म्हणावे आणि जेथे दुमत आहे तेथे दुमत आहे असे नोंदवावे, ही इतिहासाच्या अभ्यासाची पहिली शिस्त होय. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करणाऱ्या विद्यार्थ्यानेही हीच शिस्त पाळावी, एवढेच या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून अशी अनेक साधने मोबाइलवर आली. त्यांचे काम कसे चालते, हे समजून घेतले तर भीतीही उरत नाही आणि भाबडेपणाही उरत नाही. प्रचंड प्रमाणावर मजकूर पुरवून या यंत्रांना शिकवलेले असते. त्या आधारे कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती ठरवतात व त्याप्रमाणे वाक्य जुळवीत जातात. ज्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याची उत्तरे बहुधा बरी येतात. ज्यावर थोडे लिहिले गेले आहे, तेथील रिकामी जागा यंत्र ओळखीच्या शब्दांनी भरून काढते, आणि तेही त्याच आत्मविश्वासाने. न घडलेली घटना, नसलेला ग्रंथ, न उच्चारलेले उद्गार अशा उत्तरांत सहज शिरतात.

आपल्या परिसरासाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, तुळजा व शिवनेरी येथे, मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. इरिल, चिट आणि चंद हे यवन दाते, धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी, महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम अशी कितीतरी नावे तेथील शिलालेखांत आढळतात. परंतु या दात्यांविषयी इंटरनेटवर मराठीत फारच थोडा मजकूर आहे. याउलट लेण्याद्रीचे सातवे लेणे पाहा. मुळात तो भिक्षूंचा विहार. आज तेथे गिरिजात्मज गणपतीचे मंदिर आहे आणि त्याविषयी उदंड लिहिलेले आहे. साहजिकच यंत्राच्या उत्तरात मंदिर ठळक होते आणि विहार पुसट होतो. त्यामागे कोणाचा कट असतोच असे नाही. ज्याविषयी अधिक लिहिले गेले त्याचाच आवाज तेथे मोठा असतो. म्हणून ज्यांचा इतिहास थोडा लिहिला गेला, त्यांच्या मुलांनी यंत्राचे उत्तर अधिक बारकाईने तपासले पाहिजे.

पडताळणीची गरज प्रकल्पवहीपुरती नाही. जुन्नर, आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर ही रोजची चिंता आहे. वनविभागाने काही ठिकाणी बिबट्याची चाहूल देणारी यंत्रे बसवली आहेत. त्यांतही कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग होतो आणि तो स्वागतार्हच आहे. पण याच तंत्राने बनवलेली बिबट्याची खोटी छायाचित्रेही अलीकडे पुणे जिल्ह्यात पसरली. गंमत म्हणून केलेल्या अशा चित्राने एखादे गाव रात्रभर जागे राहते आणि वनकर्मचारी नको तेथे धावतात. असे दोन-तीनदा झाले की खऱ्या सूचनेवरही कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि त्याची किंमत एखाद्या मुलाच्या जिवाने मोजावी लागू शकते. अशी चित्रे बनवू नयेत. आलेले चित्र पुढे पाठवण्यापूर्वी ते कोणी, कोठे, केव्हा काढले हे विचारावे. बिबट्या खरोखर दिसला असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

याचा अर्थ ही साधने वर्ज्य करावीत, असा नाही. आपल्या शाळेसारख्या निवासी शाळांतील अनेक मुलांच्या घरी बीजगणिताची शंका विचारायला कोणी नसते. पश्चिम पट्ट्यातील वाडीवर सुट्टीत गेलेल्या मुलीला इंग्रजी उतारा सोप्या मराठीत समजावून मिळाला, विज्ञानातील एखादी संकल्पना तीन वेगवेगळ्या उदाहरणांनी कळली, परीक्षेपूर्वी सरावाचे प्रश्न मिळाले, तर ती मोठीच सोय आहे. शहरातील मुलाला खासगी शिकवणीतून जे मिळते, त्यातील काही अंश तिला येथे विनामूल्य मिळू शकतो. ही संधी आपण दवडू नये.

मात्र समजावून घेणे आणि लिहून घेणे यांत फरक आहे. निबंध लिहिताना विद्यार्थी शब्द शोधतो, वाक्य खोडतो, पुन्हा लिहितो. या खटपटीतच त्याचा विचार आकार घेतो. यंत्राने लिहिलेला निबंध वहीत उतरवला, तर गुण कदाचित मिळतील, पण ती खटपट झालेलीच नसते. परीक्षागृहात आणि पुढे मुलाखतीत ही उणीव उघडी पडते. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरवावी लागली. त्यांनी एवढ्या कष्टाने मिळवलेली लेखणी आपण होऊन दुसऱ्याच्या हाती देणे आपल्याला परवडणारे नाही.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. आपले पूर्ण नाव, पत्ता, छायाचित्र, आधार क्रमांक किंवा घरातील अडचणी या यंत्रांना सांगू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. चॅटजीपीटीच्या नियमांनुसारही १३ वर्षांखालील मुलांनी ते वापरावयाचे नाही आणि १८ वर्षांखालील मुलांना पालकांची परवानगी लागते. मन उदास असेल तर वसतिगृहातील ताई, अधीक्षक किंवा वर्गशिक्षक यांच्याशी बोलावे. यंत्र गोड बोलेल, पण रात्री उठून दवाखान्यात नेणार नाही.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असा उपदेश केला होता. पडद्यावर उमटलेले उत्तरही याच कसोटीवर घासून घ्यावयास हवे.

यासाठी आम्हां शिक्षकांची एक साधी सूचना आहे. प्रत्येक प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहाव्यात: यंत्राला काय विचारले, त्याच्या उत्तरातील कोणती माहिती कोठे पडताळून पाहिली आणि त्यात चूक कोणती सापडली. यंत्राचा वापर केल्याबद्दल कोणाचेही गुण कमी होऊ नयेत, उलट सापडलेल्या चुकीसाठी गुण द्यावेत. पडताळणीसाठी पाठ्यपुस्तक आहे, ग्रंथालय आहे, गावातील जाणती माणसे आहेत. शिवाय लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेले की शिलालेख प्रत्यक्ष पाहता येतो. ब्राह्मीची अक्षरे थोड्या दिवसांच्या सरावाने ओळखता येतात, आणि ज्याला ती ओळखता येतात त्याला सुलसदत्ताचे नाव विचारण्यासाठी यंत्राकडे जावे लागत नाही.