समुद्राचा तळ लाटांना कसा रोखतो? नातेपुत्याच्या चारीवरून समजून घ्या

नीरा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की नातेपुते भागात एकच प्रश्न असतो, पाणी टेलपर्यंत पोचणार कधी? चारीत गवत माजलेलं आणि तळाशी दगड-गाळ असेल तर पाणी रेंगाळतं. तळाचं हे घर्षण समुद्रातही असतं आणि बंदर बांधण्याआधी त्याचा हिशोब मांडावाच लागतो.

खडबडीतपणाचा आकडा

आयर्लंडमधले अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये एक सूत्र मांडलं. त्यात तळाच्या खडबडीतपणाला एक आकडा देतात. सिमेंटचं अस्तर असेल तर साधारण ०.०१५, गवत माजलेल्या मातीच्या चारीला ०.०३० किंवा त्याहून जास्त. उतार आणि पाण्याची खोली तेवढीच ठेवून हा आकडा दुप्पट झाला, तर पाण्याचा वेग निम्मा होतो. म्हणजे चारी साफ केली की टेलच्या शेतकऱ्याला थेट फायदा.

समुद्रात काय वेगळं?

भरती-ओहोटीच्या प्रवाहाला हाच नियम लावता येतो. लाटेचं मात्र वेगळं आहे. खोल समुद्रात तिला तळ लागतच नाही. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की तळ जाणवू लागतो. दर ८ सेकंदांनी येणाऱ्या लाटेची खोल समुद्रातली लांबी सुमारे १०० मीटर असते. म्हणजे साधारण ५० मीटर खोलीपासून तिच्यावर तळाचा परिणाम सुरू होतो.

तिथून पुढे लाटेमुळे तळाजवळचं पाणी सतत पुढे-मागे होतं. घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे वेग दुप्पट तर घर्षण चौपट. त्यामुळे खवळलेल्या समुद्रात प्रवाहालाही तळ जास्त खडबडीत 'वाटतो'. मऊ चिखल तर लाटेची ताकदच शोषून घेतो. केरळात आलप्पुळाजवळ भर पावसाळ्यात चिखलामुळे समुद्राचा काही भाग शांत होतो आणि मच्छीमारांना तिथून होड्या काढता येतात.

मॉडेल कसं बनतं?

संगणकावर किनाऱ्याचे छोटे चौकोन पाडतात. तिथे वाळू, खडक की चिखल, हे पाहून प्रत्येक चौकोनाला घर्षणाचा आकडा देतात. मग मॉडेलमधली भरतीची उंची आणि प्रवाहाचा वेग प्रत्यक्ष मोजमापाशी जुळेपर्यंत आकडे बदलतात. शेवटी वेगळ्या दिवसांच्या नोंदी घेऊन पडताळा करतात.

आकडा चुकला तर?

घर्षण कमी धरलं, तर लाटा आणि प्रवाह प्रत्यक्षापेक्षा जोरदार दिसतात. मग जहाजांच्या मार्गात किती गाळ साचेल आणि वादळात पाणी किती आत येईल, हे दोन्ही अंदाज बिघडतात.

पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था बंदरांसाठी असे अभ्यास करते. १९१६ मध्ये मुंबई इलाख्यात तिची सुरुवात झाली ती सिंचनाच्या कामासाठी. चारी असो की समुद्र, पाण्याचा हिशोब तळापासूनच सुरू होतो.