घाट धावताना साखरेचा हिशेब



साताऱ्यात २०१२ सालापासून डोंगरी अर्धमॅरेथॉन भरते. आपली कितीतरी मुले आता क्लबात नाव घालून तिची तयारी करतात. अंतर २१ किलोमीटर ९७.५ मीटर, म्हणजे पुऱ्या मॅरेथॉनच्या निम्मे. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या वाटेवरून मागे फिरायचे.

घोटाळा सुरुवातीलाच होतो. शेजारचा सुटला की आपणही सुटतो, आणि घाटात दम उखडतो. असे का? ऊस कांड्यांत साखर साठवतो, तसे आपले शरीर स्नायूंत व यकृतात साठवते. हा साठा जेमतेम अर्धा किलो. बेताने पळाल्यास बराच खर्च चरबी भागवते. जोर केला की साखरच भराभर जळते आणि पाय जड होतात.

म्हणून चढाला पावले आखूड टाकावीत, बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. चालावे लागले तरी लाज नाही. उताराला लांब ढांगा नकोत, मांड्या भरून येतात. पाणी तहानेप्रमाणे घोट-घोट प्यावे, तांब्याभर एकदम नको.

"दिवसभर शेतात राबतो, मला कसला सराव?" असे कुणी म्हणेल. पण राबणे वेगळे, दोन-अडीच तास सलग पळणे वेगळे. दोन-तीन महिने अंतर हळूहळू वाढवावे. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबावे. पदक पुढच्या सालीही मिळेल. घरच्यांना आपण धडधाकट हवे आहोत.