"शिरपूरची स्मिता पाटील गेलीच ना?"

जळगाव-धुळ्याकडे कोणी सिनेमात जायचं म्हटलं की हे वाक्य हमखास येतं. तुम्ही पेटची तयारी करताय ना, मग ते डेटा म्हणून वाचून बघा.

पहिली अडचण नमुन्याची. आपल्याला नावं माहीत असतात ती पोचलेल्यांची. फोटोंच्या पोर्टफोलिओवर घरचे पैसे घालून, मुंबईत ऑडिशन देत दोन-तीन वर्षं काढून परत आलेल्यांची यादी कुठेच नसते; तेही गावात त्याबद्दल बोलत नाहीत. म्हणजे अंश आहे, छेदच नाही. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी विमानांच्या नुकसानीचं गणित मांडलं, त्यातली मेख हीच होती: परतलेल्या विमानांवरची भोकं मोजताना न परतलेली विसरायची नाहीत.

दुसरी अडचण कन्फाउंडरची. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं, पण जन्म १९५५ चा, पुण्यातला. वडील शिवाजीराव पाटील राज्यात मंत्री झाले, आई समाजकार्यात. सिनेमाआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या. गुणवत्तेबद्दल वादच नाही. पण 'शिरपूर ते पडदा' अशी सरळ रेष ओढली की मधलं हे सगळं गळून जातं, आणि तालुक्यातल्या पोरीला वाटतं की नुसता चेहरा आणि जिद्द पुरते.

आता यश मोजायचं कशाने? 'भूमिका'साठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेला. हंसाबाईंचा पहिला चित्रपट १९३६ चा, वय जेमतेम तेरा. घर त्यांच्या कमाईवर चालायचं. 'सांगत्ये ऐका' याच नावाचा त्यांचा १९५९ चा चित्रपट पुण्यात १३१ आठवडे चालला. तिकीटबारी हा आउटकम धरला तर याहून यशस्वी बाई कोण? आत्मचरित्र उघडा: दारू, विस्कटलेला संसार, दुरावलेली माणसं. १९७१ मध्ये, पन्नाशीच्या आतच त्या गेल्या. व्हेरिएबल बदलला की निष्कर्ष असा उलटतो.

तुमच्यापैकी कोणी यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांच्या कलाकारांवर काम करणार असेल, तर व्ह्यूज बघून कलाकार निवडू नका. एखाद्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या वहीतून, परवानगी घेऊन, एका वर्षातली सगळी नावं काढा आणि एकेकाला शोधत जा. काही फोन बंद लागतील, काही जण सुरतेला कामावर असतील. त्यांच्याही ओळी तक्त्यात हव्यात.