कुंपणातली हरळी



शेतकी खात्याची आम्ही मंडळी गटागटातून फिरतो तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. ऊस चांगला भांगललेला असतो, पण बांधावरच्या मेंदीच्या कुंपणाखाली हरळीची गादी पसरलेली असते. मालक म्हणतात, "ती बांधावर हाय, उसाला काय करती?" करते. वरचे धुमारे सरीत उतरतात, खालच्या काशा बांधाच्या पोटातून शेतात शिरतात. लागणीत नजरेला आली नाही तरी खोडव्यात ती पक्की बसते, कारण तिथे नांगर चालत नाही.

गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. देवाला जुडीभर पुरते, बाकीची काढायला हरकत नाही.

काय करू नये ते आधी सांगतो. उसात मारतो ते टू-फोर-डी कुंपणावर मारू नका. ते रुंद पानांवर चालते, गवतावर नाही. म्हणजे मेंदी जळणार आणि हरळी मोकळी होणार! शिवाय वाऱ्याने शेजारच्या द्राक्षावर किंवा कापसावर गेले तर भांडण वेगळेच. ग्लायफोसेटने हरळी मरते, पण हिरव्या पानावर उडाले तर ऊस आणि मेंदीही मरते. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण चालकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. सबब पंप पाठीला लावून आपणच निघू नये.

दुसरी चूक आम्हीच केली आहे. बेणेमळ्याच्या कडेची हरळी आम्ही रोटाव्हेटरने 'साफ' केली. काशांचे तुकडे झाले, आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा पाणी मिळताच फुटला. पट्टा होता त्याच्या दुप्पट झाला.

खरा उपाय जुनाच. एप्रिल-मे महिन्यात पाणी तोडून, कुंपणाची मुळे सांभाळत कुदळीने वीतभर खणावे, ढेकळे उन्हात तापू द्यावीत, मग काशा वेचाव्यात. भारी काळ्या जमिनीत काही काशा हातभर खाली जातात, तेवढा चिवटपणा ठेवावा लागतो. वेचलेल्या काशा ओल्या असताना उकिरड्यात टाकू नका, शेणखताबरोबर त्या परत शेतात येतील. खडकावर कडकडीत वाळवा.

हरळीचे खरे वर्म म्हणजे सावली. तिला ती सोसत नाही. कुंपण फक्त शेंड्यावर छाटले की बुंध्याशी उघडे पडते आणि हरळीला ऊन मिळते. म्हणून खाली रुंद, वर अरुंद अशी छाटणी ठेवा, मोकळ्या जागी नवी काडी लावा, आणि खणलेल्या पट्ट्यावर पाचटाचा वीतभर थर द्या. पाचट जाळण्यापेक्षा हा उपयोग बरा. कुंपण आणि पहिली सरी यांच्यामध्ये हातभर खोल चर काढला तर उतरणारे धुमारे तिथे लोंबताना दिसतात, खुरप्याने कापता येतात.

एक अपवाद. ओढ्याकाठच्या उताराच्या बांधावरची हरळी उपटू नका, तिच्यामुळेच तिथली माती टिकून आहे. तिथे चर आणि खुरपे एवढेच पुरे.

पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी पट्ट्यावरून पुन्हा एक फेरी मारा. सुटलेल्या काशा तेव्हा वर आलेल्या असतात आणि ओल्या मातीतून सहज निघतात.