वृद्धाश्रमातील सिस्टर : न मोजलेला अनुभव

रायगडच्या किनाऱ्यावरून मुंबईला जाणारी लाँच ही या भागाची जुनी वाट आहे. रेवस, अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातला तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत गेला. तो चाकरमानी झाला, गणपती-शिमग्याला येत राहिला आणि मागे वाडी, शेती व म्हातारी माणसे बायकांनी सांभाळली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्या याच कारणाने. रायगडचा आकडा ९५९ दिसतो, कारण पनवेल-खोपोलीकडे कामासाठी बाहेरून आलेला पुरुषवर्ग त्यात मिसळला आहे. किनाऱ्यावरच्या गावांची तऱ्हा मात्र उरलेल्या कोकणासारखीच होती.

या व्यवस्थेत अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे सगळे सून करी. त्या कामाला नाव नव्हते आणि मोल तर नव्हतेच. आज ती सून पनवेलला किंवा वाशीला नोकरी करते, तिची मुलगी पुण्याला शिकते आणि गावच्या घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेले जोडपे किंवा त्यातले एकच जण उरते. अशा माणसांसाठी आणि मुंबईतल्या लहान घरांत न मावणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी जिल्ह्यात वृद्धाश्रम उभे राहिले. काही धर्मादाय आहेत, तर काही महिन्याचे पैसे घेऊन चालतात. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन १९५१ पासून आहे. कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेल्या या संस्थेत पुढे वृद्धाश्रमही आला.

वृद्धाश्रमांवर आपल्याकडे बरेच लिहिले जाते, पण त्या लेखनात नायक-खलनायक ठरलेले असतात : एकाकी आईवडील आणि त्यांना टाकणारी मुले. जिच्या हातून ही माणसे रोज उठतात, जेवतात आणि झोपतात, ती सिस्टर आणि तिच्यासोबतच्या मावशी त्यात दिसत नाहीत. वृद्धाश्रम चांगला की वाईट हे मात्र बरेचसे त्यांच्यावर ठरते. त्या तिथे किती दिवस टिकतात, पुढे कुठे जातात आणि का जातात, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम काम समजून घेऊ. वीस माणसांचा एखादा आश्रम डोळ्यांसमोर आणा. त्यातले सहाजण अंथरुणाला खिळलेले आहेत. अशा माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे केले नाही तर माकडहाड, टाचा, खुबा अशा हाडाला टेकलेल्या जागी रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण होतो. सुरुवातीला तिथे फक्त लाली असते. बोटाने दाबल्यावर ती लाली पांढुरकी झाली नाही, तर धोक्याची घंटा वाजली असे समजायचे. रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची पाळी धरली, तर सहाजणांचे छत्तीस वेळा कूस बदलणे होते. फरफटत सरकवले तर कातडी सोलवटते, म्हणून त्याला बहुतेक वेळा दोन माणसे लागतात. पाळीला एक सिस्टर आणि एक मावशी असेल, तर तेवढ्या वेळात बाकीच्या चौदाजणांकडे कुणाचेच लक्ष नसते.

भरवणे हे दुसरे काम. गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाला पातळ पाण्यापेक्षा दाट पेज सोपी जाते. त्याला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, घोट उतरला की नाही ते पाहत भरवायचे. घाई झाली तर घास श्वासनलिकेत जातो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले जाते. पेज घाईने भरवली होती, हे कुठेच लिहिले जात नाही.

तिसरे काम ओळखण्याचे. तरुणाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो. म्हाताऱ्या माणसाला तो येईलच असे नाही. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज अचानक असंबद्ध बोलू लागल्या तर ‘वय झाले’ म्हणून सोडून द्यायचे, की लघवीच्या संसर्गाची शंका घेऊन डॉक्टरांना फोन करायचा, हे तिथे हजर असलेली सिस्टर ठरवते. त्यासाठी त्या आजी काल कशा होत्या, हे तिला ठाऊक असावे लागते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा संध्याकाळ झाली की शेवटची लाँच चुकेल म्हणून दाराकडे निघतात. त्यांना दरडावायचे, गोळी द्यायची की चार पावले सोबत चालून परत आणायचे, हेही ज्ञानच आहे आणि ते पाठ्यपुस्तकातून पुरेसे येत नाही.

या कौशल्याचा मराठी मुलखातला सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. १९७३ च्या हल्ल्यानंतर अरुणा शानबाग २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, तिथे अंथरुणावर होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांना शय्याव्रण होऊ दिला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या परिचारिकांची मुद्दाम प्रशंसा केली. पण ते मोठे रुग्णालय होते. तिथे तीन पाळ्या होत्या, निवृत्तिवेतन होते आणि एक सिस्टर गेली तर तिच्या जागी दुसरी येत होती. वृद्धाश्रमातल्या सिस्टरच्या पाठीशी असे काही नसते. त्याचे कारण या व्यवसायाच्या इतिहासात आहे.

आपल्याकडे परिचर्या व्यवसाय रुग्णालयाच्या पोटात जन्मला. १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून घेतले जाते. परक्याचे मलमूत्र काढणे हे सोवळ्याओवळ्याच्या समाजात हलके काम मानले जाई. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास पाठवले, तेव्हा त्यांना याच समजुतीशी झगडावे लागले. पुढे कायदे आले, परिषदा आल्या, अभ्यासक्रम ठरले. शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका, मग परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी शिडी तयार झाली. हलके मानले गेलेले काम या शिडीमुळे सन्मानाचे झाले. पण ती शिडी रुग्णालयाच्या भिंतीला टेकवलेली आहे.

वृद्धाश्रमात अनेकदा एकच सिस्टर असते, फार तर दोन. त्यांच्या वर व्यवस्थापक आणि खाली मावशी. चढायला पायरीच नाही. त्यात शिक्षणाचाही मेळ बसत नाही. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका, हा नावाप्रमाणे बाळंतपण, लसीकरण आणि उपकेंद्रातले काम डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे. ते शिकलेली मुलगी वृद्धाश्रमात आली की आयुष्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभी राहते. तीन वर्षांचे जीएनएम किंवा चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग केलेली मुलगी अधिक तयारीची असते, पण तिचाही बहुतेक सराव रुग्णालयातल्या वॉर्डांत झालेला असतो. भारतीय परिचर्या परिषदेने वृद्ध-परिचर्येची एक वर्षाची पदविका आखलेली आहे. मात्र ती घेतल्यावर वृद्धाश्रमात वेगळे पद किंवा वेगळा पगार मिळेल अशी तरतूद नाही. मग नोकरी सोडून एक वर्ष कोण घालवणार?

कायद्याची तऱ्हाही अशीच आहे. महाराष्ट्रातला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेला लागू होतो. वृद्धाश्रम म्हणतो, आम्ही उपचार करत नाही, फक्त निवास देतो. पण कॅथेटर लावलेले आणि नाकातून नळीने अन्न घेणारे लोक त्याच निवासात राहतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ मध्ये केंद्राचा कायदा आला. राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, गरीब ज्येष्ठांपैकी किमान १५० जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम स्थापावा, असे त्यात म्हटले आहे. तिथे शब्द ‘स्थापू शकेल’ अशा वळणाचा असल्याने सक्ती उरत नाही. अशा निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते मंजूर न होताच त्या लोकसभेची मुदत संपली.

पगाराचेही तेच. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पिळवणुकीवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये समिती नेमायला सांगितले. त्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार असावा, खाटा कमी होतील तसा तो काही टक्क्यांनी कमी, आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही महिना वीस हजारांच्या खाली नसावा, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. शिवाय ती रुग्णालयांसाठी होती. वीस म्हाताऱ्यांच्या आश्रमाला खाटा असतात, पण तो रुग्णालय नसतो. म्हणून तिथली सिस्टर त्या हिशेबातही धरली जात नाही.

आता वृद्धाश्रमात लागलेल्या पंचविशीच्या मुलीपुढचे रस्ते पाहू. पहिला रस्ता सरकारी भरतीचा. महाराष्ट्रात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. निवड परीक्षेतल्या गुणांवर होते. वृद्धाश्रमात काढलेल्या वर्षांचा तिथे उपयोग नाही. उलट रात्रपाळ्यांमुळे अभ्यास बुडतो आणि वय वाढत जाते. दुसरा रस्ता नवी मुंबई आणि मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयांचा. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू सुरू झाल्यावर उरण-पेणकडून मुंबई आणखी जवळ आली. पण तिथे अतिदक्षता विभागाचा अनुभव विचारतात आणि वृद्धाश्रमातली चार वर्षे अनेकदा खंड पडल्यासारखी वाचली जातात. तिसरा रस्ता परदेशाचा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत. भाषा शिकून जाणाऱ्या मुलीला तिथे बहुधा म्हाताऱ्यांचीच सेवा करावी लागेल. फरक इतकाच की तिथे तो मान्यताप्राप्त व्यवसाय आहे.

मावशींपुढे एवढेही रस्ते नसतात. बहुतेकजणी आसपासच्या गावांतल्या, कुणी विधवा, कुणी मासळीचा किंवा शेतीचा धंदा मोडलेल्या घरातल्या. कूस बदलणे, भरवणे, अंघोळ घालणे ही कामे प्रत्यक्षात त्याच करतात. दहा वर्षांनीही त्यांच्या हाती कागद नसतो. पैसे थोडे जास्त मिळावेत म्हणून त्या ब्यूरोमार्फत मुंबईत घरोघरी ‘पेशंट सांभाळायला’ जातात आणि पगारातला वाटा ब्यूरोला देतात.

कर्मचारी असे सतत बदलत राहिले की नुकसान कुणाचे होते? आश्रमात राहणाऱ्यांचे. आजी काल कशा होत्या हे ठाऊक असलेली सिस्टर निघून जाते आणि नवी येते, तिला आजी जन्मापासूनच असंबद्ध बोलत असाव्यात असे वाटते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. करोनाची टाळेबंदी होतीच, त्यात श्रीवर्धन-मुरूडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी हवेची गादी फुगत नाही, प्राणवायूचे यंत्र चालत नाही, डॉक्टरांचा फोन लागत नाही. मग उरतात ती प्रत्येकाचे शरीर ओळखणारी माणसे. ती नेमकी त्याच महिन्यात बदललेली असली, तर यंत्राच्या जागी काहीच उरत नाही.

संस्थाचालकांची बाजूही खरी आहे. धर्मादाय आश्रम देणग्यांवर चालतो आणि रुग्णालयाइतका पगार त्याला झेपत नाही. फी वाढवली तर गरीब म्हातारे बाहेर पडतात. पण अनुभव मोजण्याला पगाराइतका खर्च येत नाही. जपानने १९८७ मध्ये कायदा करून काळजीवाहकांसाठी राष्ट्रीय पदवी निर्माण केली. तीन वर्षे प्रत्यक्ष काम केलेली आणि ठरलेले प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती तिच्या परीक्षेला बसू शकते. म्हणजे वृद्धाश्रमात काढलेली वर्षे पुढच्या पायरीची किंमत म्हणून धरली जातात. जर्मनीत वृद्ध-परिचर्या हा तीन वर्षांच्या शिक्षणाचा स्वतंत्र व्यवसाय होता. २०२० पासून तो सर्वसाधारण परिचर्येत मिळवला गेला, म्हणजे वृद्धाश्रमातून रुग्णालयात जायचा रस्ता मोकळा झाला.

आपल्याकडेही आरंभ लहान गोष्टींनी होऊ शकतो. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी सतत शिक्षणाचे ठरावीक तास भरावे लागतात. एकटी सिस्टर आश्रम सोडून त्या तासांना जाऊ शकत नाही. वृद्धांच्या सेवेवरचे वर्ग जिल्ह्यातल्या आश्रमांतच घेतले, तर तास भरतील आणि मावशींनाही ते ऐकता येतील. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या आणि आसपासच्या परिचर्या विद्यार्थिनींना काही आठवडे वृद्धाश्रमात पाठवता येईल. भरतीत वृद्ध-परिचर्येच्या अनुभवाला थोडे गुण देता येतील. आणि आश्रमांची नोंदणी करताना इमारतीच्या क्षेत्रफळाइतकीच चौकशी रात्रपाळीला किती माणसे असतात याची व्हायला हवी.

वृद्धाश्रम पाहायला गेलेले नातेवाईक खोली, बाग, जेवण आणि फी विचारतात. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत : इथली सिस्टर किती वर्षांपासून आहे आणि तिच्या आधीची का गेली?