ताटली घेताना तिचं बूड पाहा

जेवणाच्या सागवानी टेबलावर बारीक चरे दिसू लागले, की पॉलिश करणाऱ्याला बोल लावला जातो. पण कारण बहुतेकदा ताटलीच्या खाली असतं.

स्टोनवेअरची ताटली उलटी करून पाहा. सगळीकडे चकचकीत झिलई, बुडाची गोल कडा मात्र उघडी, मातकट. हा कारागिराचा निष्काळजीपणा नव्हे. झिलई म्हणजे भट्टीत वितळलेली काचच. १२०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात ती कडेवर राहिली, तर ताटली भट्टीतल्या फरशीला कायमची चिकटेल. म्हणून भाजण्याआधीच ती कडेवरून पुसून घेतात. उरते भाजलेली माती आणि तिच्यातले क्वार्ट्‌झचे कण. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या दहाच्या मापपट्टीवर क्वार्ट्‌झ ७ वर आहे, सुरीचं पोलाद साधारण ५.५ वर. पॉलिशचा थर त्याच्या खूपच खाली. ताटली सरकवली की तिचा भार कडेवरच्या मोजक्या टोकांवर येतो आणि कडा काचकागदाचं काम करते.

मग मऊ ताटली घ्यायची का? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. स्टीलसुद्धा पॉलिशपेक्षा कठीण असतं, तरी गुळगुळीत बुडाचं स्टीलचं ताट स्वच्छ टेबलावर चरा न पाडता सरकतं. घात करतो तो खरखरीतपणा. ओपल ग्लासच्या ताटलीचं बूडही काचेचंच, म्हणून ती चांगली. बोन चायना किंवा पोर्सेलिनची कडा घासून गुळगुळीत केलेली असेल, तर तीही चालेल.

टेबल शिसवीचं असलं तरी बेफिकीर राहू नये. शिसव सागापेक्षा पुष्कळ कठीण, त्यामुळे तिला खड्डे कमी पडतात. चरे मात्र आधी वरच्या पॉलिशवर उमटतात आणि ते दोन्हींवर सारखंच असतं.

दुकानात ताटलीच्या कडेवरून बोट फिरवा, मग नख हलकेच घासा. नखाची पांढरी भुकटी निघाली, तर ती ताटली टेबलासाठी नको. घरात अशा ताटल्या आधीच असतील, तर त्यांची कडा बारीक वॉटरपेपरने घासता येते. पण ती पाण्याखाली धरूनच, कारण कोरड्या घासण्यातून उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसांना घातक असते. खिडकीतून येणाऱ्या धुळीतही क्वार्ट्‌झ असतं आणि ते गुळगुळीत बुडाखालीही चरे पाडतं. म्हणून ताटल्या मांडण्याआधी टेबलावरून ओलसर फडका फिरवावा, आणि वाढताना ताटली सरकवण्याऐवजी उचलून ठेवावी.